दहा दाखव

रविवारी दुपारी जेवण आटोपलं की मी संगणकावर तो अवकाशाचा खेळ उघडतो. माझा ग्रह, माझे कारखाने, माझी जहाजं आणि पलीकडून चाल करून येणारा शत्रू. जहाजाला 'डबल ड्युटी'चा हुकूम द्यायला गेलं की खेळ थांबतो आणि पडद्यावर एकच ओळ येते : 'हुकूम कोणाचा? नाव लिहा.' चौकट रिकामी ठेवून पुढं जाता येत नाही. खोटं नाव घातलं तरी चालतं, खेळाला काय कळतंय! पण मी माझंच लिहितो. माने. ही ओळ खेळ बनवणाऱ्या कंपनीची नाही. आमच्या मेंटेनन्सच्या उत्तम सोनटक्केची आहे, आणि आधी त्यानंही ती घातलेली नव्हती. ती कोणत्या दिवसानंतर आली हे मला चांगलं ठाऊक आहे.

चाकणच्या पट्ट्यात आमचा प्रेस शॉप. पत्रा आत घालायचा, वरून डाय, म्हणजे लोखंडी साचा, आदळणार, खाली गाडीला लागणारा ब्रॅकेट पडणार, दिवसभर हेच. मी प्लॅनिंगला. म्हणजे कुठल्या प्रेसवर कुठला माल, किती नग, कोणाला ओव्हरटाइम, हे कागदावर मांडणारा माणूस. काळेवाडीहून कंपनीच्या बसने यायचं, आल्या आल्या लोकांच्या मागे लागायचं. सोनटक्के मशिनं चालू ठेवायचा. थोडक्यात, मी ज्याच्या मागे सर्वांत जास्त लागायचो तो हा.

बुटका, रुंद खांद्यांचा, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि चष्म्याला मागून बांधलेली काळी दोरी. मूळचा जिंतूरकडचा, राहायला कुरुळीत. प्रेसकडे पाठ करून तो कधी बसायचा नाही. तुमच्याशी बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचा आणि मान कलती करायचा. कुठल्या तरी प्रेसच्या ठोक्याचा ताल चुकलेला असायचा. आपल्याला काही ऐकू यायचं नाही, तो मात्र अर्धं वाक्य टाकून चालू लागायचा. ते वाक्य पुढं कधीच पुरं व्हायचं नाही. मला याचा भयंकर राग यायचा.

त्याहून राग यायचा त्याच्या एका प्रश्नाचा. मी म्हणायचो, "सोनटक्के, आज दोन माणसं कमी आहेत, डबल ड्युटी लावतोय." तो विचारायचा, "कोणाला?"

"दोघांना. कुणालाही."

"कुणालाही म्हंजे कोणाला? नावं सांग की राव."

मला नावं माहीत नसायची. माझ्या कागदावर आकडे असायचे. मग तो माझ्यासमोर हजेरीपट उघडून एकेक नाव वाचायचा, कोण काल सोळा तास उभा होता, कोणाचं पोर आजारी आहे, कोणाला आज डुलकी येईल. दहा मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जायचं.

आणि शिफ्ट सुटताना तो शॉपच्या दाराशी आपल्या टेबलापाशी उभा राहायचा. समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचा, "दहा दाखव." ऑपरेटर दोन्ही पंजे वर करून बोटं फाकवायचा. सोनटक्के नजरेनं मोजायचा आणि मान हलवायचा. नवी माणसं पहिल्या आठवड्यात हसायची. जुनी लांबूनच हात वर करून, "दहा, उत्तमभाऊ!" असं ओरडत बसकडे पळायची. ऑफिसातल्या आम्हां लोकांना त्यानं कधी विचारलं नाही. आमची बोटं कुठं जाणार होती?

त्या खेळाचं मला कळलं ते अंबादासमुळे. अंबादास आमच्याकडे पॅकिंगला, पन्नाशीचा, कायम चेहरा पाडून असणारा. एकदा चहाच्या वेळी सोनटक्केनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "अंबादास, तू ब्राझीलमध्ये वाचलास बे!"

अंबादास घाबरला. त्याला वाटलं काही चौकशी निघाली. मग सोनटक्केनं मोबाइलवर एक पत्र दाखवलं. ब्राझीलमधल्या कुणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं की अंबादास माझ्या हाताखाली तीनदा मेला, आज पहिल्यांदा मी त्याला घरी परत आणलं, हा कोण माणूस आहे ते मला सांगा. सोनटक्केनं अंबादासचा चहाच्या कपासकट फोटो काढला आणि पाठवून दिला. अंबादास त्या दिवशी हसला. मी त्याला हसताना बघितलं ते तेवढंच.

मग सोनटक्केनं मला समजावून सांगितलं. असले खेळ कंपन्या बनवतात, पण बरेचसे नियम साध्या फायलींमध्ये लिहिलेले असतात. शौकीन लोक त्यात आपल्या पदरचे बदल करून बाकीच्यांना फुकट वाटतात. त्याला मॉड म्हणतात. सोनटक्केला मशिनांच्या पॅनेलचं प्रोग्रामिंग येत होतंच, त्या जोरावर त्यानं हेही शिकून घेतलं. त्याच्या मॉडचं नाव होतं 'तिसरी पाळी'.

एका रविवारी त्यानं मला कुरुळीला बोलावलं. चाळीतली दीड खोली, कपाटाशेजारी जुना संगणक, भिंतीवर ओळीनं चिकटवलेली हस्तलिखित कोष्टकं. वहिनींनी कांद्याचे पोहे आणले आणि म्हणाल्या, "बसा भाऊजी. आकाशात गेले तरी ह्यांची शिफ्ट काही सुटंना."

आधी त्यानं मला मूळ खेळ दाखवला. तिथं जहाजावरची माणसं म्हणजे कोपऱ्यातला एक आकडा. चारशे. लढाईत आकडा कमी व्हायचा, ग्रहावर परतलं की पुन्हा चारशे. जहाजं कितीही पळवा, कितीही लढवा, थकत कुणी नव्हतं. मी तासाभरात दोन ग्रह जिंकले आणि खूश झालो.

मग त्यानं 'तिसरी पाळी' लावली. खेळ तोच, आकाश तेच, पण जहाजावर आता बारा माणसं होती आणि बाराही जणांना नावं होती. अंबादास होता, आमचा रिटायर झालेला वेल्डर होता, जिंतूरच्या शाळेतला शिपाई होता. त्यांना पाळ्या होत्या. आठ फेऱ्यांनंतर पाळी बदलायची, नाहीतर 'डबल ड्युटी'चा हुकूम द्यायचा. डबलला जहाज दीडपट काम करायचं, पण नावांसमोर हळूहळू पिवळी पट्टी चढायची. पट्टी पुरती चढली की काहीही होऊ शकत होतं, आणि नाहीही. मी शत्रूला अडवायला तीन जहाजं डबलवर टाकली आणि जिंकलो. टाळी वाजवणार, तेवढ्यात पडदा काळा झाला. एका जहाजात अपघात झाला होता. एकाखाली एक बारा नावं आली. प्रत्येक नावापुढं एक छोटी चौकट. ती दाबून ते नाव बंद करायचं, मग पुढचं.

"सगळी एकदम बंद करायचं बटण कुठंय?" मी विचारलं.

"नाही ठेवलं."

"अरे, बारा वेळा काय दाबत बसायचं?"

"बाराच हायेत की. तुला काय घाई हाय?"

मी चिडून दाबत गेलो. सातव्या-आठव्या नावाला माझा हात जरा मंदावला, हे कबूल केलं पाहिजे. त्याच्या मॉडनं जगभरच्या खेळणाऱ्यांचं असंच केलं होतं. आधी लोकांनी शिव्या घातल्या. मग ते माणसं राखून खेळायला लागले. पूर्वी लढाईवर लढाई करणारे आता दोन-दोन तास शत्रूशी बोलणी लावायचे. तह करायचे, का, तर पाळी बदलायला वेळ मिळावा. सोनटक्के खेळणाऱ्यांची ही पत्रं मला एकेक करून वाचून दाखवत होता.

यादीतलं पहिलं नाव दर वेळी एकच असायचं. लक्ष्मण. जहाज कुठलंही असो. मी विचारलं, तर वहिनी उठून आत गेल्या.

वीस-बावीस वर्षांपूर्वी सोनटक्के भोसरीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये फिटर होता. तिथली प्रेस दोन बटणांची. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच डाय खाली येणार, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. पण दोन्ही हात बटणांवर गेले की काम हळू होतं. लक्ष्मण नावाच्या ऑपरेटरनं त्याला गळ घातली, एक बटण बांधून दे, नगांवर पैसे मिळतात, चार नग जास्त निघतील. सोनटक्केनं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली आणि डावं बटण दाबलेल्या अवस्थेत आवळून टाकलं. त्या पट्ट्यात तेव्हा सगळेच करायचे. अकराव्या दिवशी लक्ष्मणच्या डाव्या हाताची चार बोटं गेली.

"भेटायला गेलो होतो," सोनटक्के म्हणाला. "तो म्हणला, भाऊ, ट्यूब तुमची, पण सांगितलं मीच. मलाच समजवायला लागला. मी त्याला काय म्हणायला पाहिजे होतं, सांग बरं?"

पोहे गार झाले होते, ते मी तसेच खाल्ले.

त्यानंतर काही महिने गेले. एका दिवशी चहाच्या टपरीवर सोनटक्के मला म्हणाला, "माने, त्यांनीबी ट्यूब बांधली." कुणीतरी त्याच्या मॉडवर आणखी एक छोटं मॉड काढलं होतं. त्यात एकच बदल होता. नावांच्या यादीखाली एक बटण, 'सगळी बंद करा'. आणि 'तिसरी पाळी' खेळणारे बहुतेक लोक ते बटण घेऊन खेळत होते. मी म्हटलं, अरे खेळच आहे शेवटी, किती मनाला लावून घेशील. त्यानं चहा अर्धा ठेवला आणि आत निघून गेला.

यानंतर दोनच आठवड्यांत ती महिनाअखेर आली.

सकाळची शिफ्ट, सात ते साडेतीन. तीन नंबरची प्रेस पायाच्या पॅडलवर चालणारी. तिला बटणं नाहीत, तिच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. हात आत असला की ती हलतच नाही. आम्ही त्याला नुसतं सेन्सर म्हणतो. त्या दिवशी सेन्सर बिघडला. हात नसतानाही प्रेस दर दोन-चार ठोक्यांनी थांबायला लागली. नवा सेन्सर दुसऱ्या दिवशी मिळणार होता. आणि तीन नंबरचा माल चार वाजता गेटबाहेर पडला नाही तर पुढच्या कंपनीची अख्खी लाइन बंद पडणार होती. तो प्लॅन माझा होता. मीच त्यात एका दिवसाचीही फट ठेवली नव्हती.

प्लांटचे साहेब म्हणाले, "बायपास करा साडेतीनपर्यंत. सोनटक्केला सांगा."

पॅनेलवर बायपासची किल्ली फिरवली की सेन्सर बाजूला पडतो आणि प्रेस नुसती पॅडलवर चालते. किल्ली सोनटक्केच्या खिशात असायची. मी गेलो.

"नाही," तो म्हणाला.

"साडेचार तासांचा प्रश्न आहे."

"प्रेसवर कोण हाय?"

"पुन्हा तेच! अरे, लाइन बंद पडेल तिकडं!"

"माने, प्रेसवर कोण हाय?"

माझं डोकं फिरलं. "संगणकावर देव झालास म्हणून इथंही आकाश चालवतोयस का?" मी सगळ्यांसमोर ओरडलो. "इथं पगार मिळतो तो माल काढायचा!"

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे, तेच तर मला सोसवलं नाही. साहेब खाली आले, त्यांनी किल्ली मागितली, सोनटक्केनं खिशावर हात ठेवला. साहेब म्हणाले, "कार्ड जमा करा आणि घरी जा." आणि मग मी बोललो. कुणी मला विचारलं नव्हतं.

"डुप्लिकेट तुमच्या कपाटात आहे, साहेब. वरच्या खणात."

सोनटक्केनं गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. जाताना तो तीन नंबरपाशी थांबला. प्रेसवर सुनंदाबाई होत्या, कुरुळीच्याच, कॉन्ट्रॅक्टवर. काचेच्या दोन बांगड्या कोपरापर्यंत सारून रबरबँड लावलेला.

"सुनंदाबाई, सेन्सर बंद करायलेत. नको असंल तर उठा तुम्ही."

"उटून कुटं जाऊ, भाऊ?" त्या म्हणाल्या. "मी उटले तर दुसरी बसंल हितं. तिला तर न्हाईच सवय."

तो गेला. डुप्लिकेट किल्ली माझ्या हातात आली आणि मी ती फिरवली. हिरवा दिवा गेला, पिवळा लुकलुकायला लागला. किल्ली काढून मी पँटच्या खिशात टाकली.

मला वर ऑफिसात जाता आलं असतं. पाय निघाले नाहीत. जेवणाची सुट्टी सोडली तर साडेतीनपर्यंत मी त्या प्रेससमोर उभा होतो, आणि दुसरं काही न बघता फक्त सुनंदाबाईंचे हात बघत होतो. पत्रा आत, हात बाहेर, पाय, ठोका. पत्रा आत, हात बाहेर, पाय, ठोका. पॅडलवरच्या त्यांच्या चपलेचा अंगठा तुटून शिवलेला होता, हे मला आजही आठवतं. मी मनातल्या मनात ठोके मोजत होतो.

दोन वाजून गेल्यावर एक ब्रॅकेट डायमध्ये अडकला. सेन्सर चालू असताना सगळ्या ऑपरेटरना एक सवय लागलेली असते. नग अडकला की चिमटा शोधत बसायचं नाही, सरळ हात घालून काढायचा, कारण हात आत असेपर्यंत प्रेस येत नाही. सुनंदाबाईंचा हात त्या सवयीनं आत गेला. पाय पॅडलवरच होता.

"सुनंदाबाई!" मी किंचाळलो.

त्या दचकल्या. हात झटक्यात मागे आला, आणि त्याच दचकण्यानं पाय खाली दबला. डाय आली. अडकलेला ब्रॅकेट चेपून पार चपटा झाला. मध्ये किती अंतर राहिलं होतं ते मला सांगता येणार नाही, पण फार नव्हतं. हात त्यांनी सवयीनं घातला होता, पाय मात्र माझ्या ओरडण्यानं दबला होता.

सुनंदाबाई काही वेळ आपल्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वरडताय कशापायी साहेब? दचकले की मी." आणि चिमट्यानं तो चपटा तुकडा काढून त्यांनी पुढचा पत्रा घेतला. मी त्यांना थांबवलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण मी थांबवलं नाही. माल पुरा व्हायला अजून नग कमी होते.

माल वेळेत निघाला. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून 'वेल डन' म्हटलं. शॉपच्या दाराशी टेबलावर सोनटक्केचं कार्ड तसंच पडलं होतं. बाहेर निघालेली माणसं सवयीनं तिथं जरा थबकत होती आणि पुढं जात होती.

मला वाटलं होतं तो केव्हाच कुरुळीला पोचला असेल. गेटबाहेर आलो तर समोरच्या भिंतीला मोटरसायकल लावून तो उन्हात उभा होता. टपरीवाल्यानं नंतर सांगितलं, अकरा वाजल्यापासून तिथंच होता, सावलीत बोलावलं तर आला नाही, तिथून दार दिसत नाही म्हणाला. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. समोरून शिफ्ट सुटत होती आणि तो एकेकाला विचारत होता.

"दहा दाखव."

आज कुणी हसलं नाही, लांबून ओरडून कुणी पळालं नाही. प्रत्येक जण त्याच्यासमोर थांबून हात वर करत होता. अंबादासनं पॅकिंगचा असूनही केले. सगळ्यांच्या मागून सुनंदाबाई आल्या. त्यांनी डब्याची पिशवी खाली ठेवली, दोन्ही पंजे उघडले आणि त्याच्या चष्म्याच्या अगदी समोर धरले. बांगड्या अजून कोपराशीच होत्या. सोनटक्केनं या वेळी नजरेनं नाही, ओठ हलवत मोजलं. मग त्यानं डोळे मिटले आणि मोटरसायकलच्या सीटला धरून उभा राहिला.

मी खाली मान घालून बसकडे निघालो होतो.

"माने."

मी थांबलो.

"दाखव."

मी डावा हात वर केला. उजवा पँटच्या खिशात होता.

"दुसरा."

सगळी बस बघत होती. मी उजवा हात बाहेर काढला आणि मूठ उघडली. तळहातावर बायपासची किल्ली होती. सकाळपासून इतकी घट्ट धरली होती की तिचे दात कातडीत उमटले होते. सोनटक्केनं किल्ली बघितली. मग माझ्या दोन्ही हातांची बोटं सावकाश, अंगठ्यापासून मोजली.

"दहा," तो म्हणाला. त्यानं किक मारली आणि कुरुळीच्या रस्त्याला लागला. किल्ली त्यानं घेतली नाही.